पर्यावरणाची अट ड्रॉइंगवरही लिहा : बेळगावच्या फौंड्रीवाल्यांचे खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
पंप, ट्रॅक्टर, मोटारी आणि हायड्रॉलिक यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे खरेदीप्रमुख,
तसेच डिझाइन, गुणवत्ता आणि पर्यावरण विभागांतील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, ऑटोनगर या पट्ट्यात ओतकाम, मशिनिंग आणि प्लेटिंग करणारे आम्ही लहान पुरवठादार. पंपाचे केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, ब्रॅकेट, फ्लायव्हील असे भाग आमच्याकडून तुमच्याकडे येतात. आता ऑर्डरसोबत पर्यावरणाच्या अटीही येतात: एक एक्सेल फाइल, एक आचारसंहिता, एक घोषणापत्र, खाली सही-शिक्क्याची जागा आणि परत पाठवण्याची तारीख. या अटी असायलाच हव्यात. भट्टीचा धूर सगळ्यांत आधी आमच्याच माणसांच्या छातीत जातो आणि टाकलेली वाळू आमच्याच शिवारात पडते. या विषयाची निकड आम्हाला कोणी पटवून द्यायला नको.

आमचे म्हणणे वेगळे आहे. भट्टीपाशी जे मोजता येते ते फॉर्ममध्ये विचारले जात नाही. आणि जे विचारले जाते त्यातले निम्म्याहून अधिक तुमच्या ड्रॉइंगवर आधीच ठरून आलेले असते. भागाची जाडी, मशिनिंग अलाउन्स (मशिनवर कापण्यासाठी ठेवलेली जादा जाडी), धातूचा ग्रेड, प्लेटिंगचा प्रकार, एका पॅटर्नवर (वाळूत साचा पाडायच्या नमुन्यावर) किती नग बसवायचे, एका खेपेला किती नग मागवायचे, हे सगळे तुम्ही ठरवता. म्हणून पर्यावरणाची अट फॉर्मबरोबर ड्रॉइंगवरही यावी. आणि ती येईपर्यंत केवळ आमच्या सहीच्या भरवशावर मालाच्या खोक्यावर हिरवे पान छापू नये. असे का म्हणतो, ते आकड्यांनिशी सांगतो.

जवळपास प्रत्येक फॉर्मचा पहिला रकाना असतो तो कार्बनचा: एक किलो कास्टिंगमागे किती कार्बन डायऑक्साइड? बहुतेक जण वर्षाच्या वीजबिलातली युनिटे पाठवलेल्या मालाच्या वजनाने भागून उत्तर लिहितात. हा आकडा कुचकामी आहे. त्या बिलात मशीन शॉप, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग सगळे एकत्र असते. त्यामुळे नुसते ओतून देणारा स्वच्छ दिसतो आणि तोच भाग मशिनिंग करून देणारा मळलेला दिसतो. खरी रीत अशी की भट्टीला स्वतंत्र मीटर हवा, आणि प्रत्येक हीटला (वितळवण्याच्या खेपेला) चार नोंदी हव्यात: चार्जचे (भट्टीत घातलेल्या मालाचे) वजन, सुरुवातीचे रीडिंग, शेवटचे रीडिंग आणि ओतताना असलेले तापमान. महिनाअखेरीस चांगल्या कास्टिंगचे वजन आणि रिजेक्शनचे वजन वेगवेगळे लिहायचे. एवढ्यावर हिशेब उभा राहतो.

तो हिशेब करून दाखवतो. लोखंड १,५०० अंशांपर्यंत तापवायला टनामागे ४०० युनिटांच्या जरा खाली ऊर्जा पुरायला हवी. प्रत्यक्षात नीट चालवलेली विजेवरची इंडक्शन भट्टी ६०० च्या आसपास घेते आणि ढिसाळ चालवलेली ७०० च्या वर जाते. मधली वीज जाते कुठे? भट्टीचे झाकण उघडे ठेवले की वरून उष्णता उडत राहते. परत वितळवायला आलेल्या रनर-रायझरला (साच्यातल्या वाटांत आणि साठ्यांत गोठलेल्या धातूला) वाळू चिकटलेली असते. ती झाडून घेतली नाही तर वीज खर्चून आपण वाळूच वितळवतो आणि तिचा स्लॅग काढत बसतो. केमिस्ट्रीचा रिपोर्ट यायला वीस मिनिटे लागली तर तेवढा वेळ धातू तापता ठेवावा लागतो. सकाळची पहिली हीट थंड अस्तरावर होते, तिला जास्त वीज लागते. हे चारही दोष आमच्या हातातले आहेत आणि ते आम्हीच दुरुस्त केले पाहिजेत.

आता ६०० युनिट धरू. ओतलेल्या एक टनातून ६०० किलो कास्टिंग निघाले आणि ४०० किलो रनर-रायझर म्हणून परत आले. त्या ६०० तले ५ टक्के रिजेक्ट झाले तर हातात ५७० किलो राहतात. म्हणजे एक टन चांगल्या कास्टिंगमागे जवळपास १,०५० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्यानुसार ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. गुणाकार केला की टनाला सुमारे ७६५ किलो. दुसऱ्या बाजूला भट्टी ७०० युनिट घेते, यील्ड (ओतलेल्या धातूतून निघालेले कास्टिंग) ५० टक्के आणि रिजेक्शन ८ टक्के आहे असे धरा. तोच टन १,५२० युनिटांवर आणि १,१०० किलोवर जातो. या वाढीत भट्टीपेक्षा यील्ड आणि रिजेक्शनचा वाटा मोठा आहे.

यील्ड कुठे ठरते? पॅटर्नवर. पॅटर्न तुमच्या मालकीचा असतो. दोन नगांच्या प्लेटवर चार नग बसवले, रायझरला एक्झोथर्मिक (उष्णता देणारी) स्लीव्ह लावून त्याचा आकार कमी केला, जाड गाठीच्या जागी रिब दिली, की यील्ड वाढते. पण गेटिंगमध्ये (धातू साच्यात जाण्याच्या वाटांत) एवढासा बदल केला तरी नमुने, मापांचा अहवाल, एक्स-रे आणि मंजुरीचा पूर्ण फेरा पुन्हा करावा लागतो. तो खर्च पुरवठादाराने सोसायचा आणि मंजुरी केव्हा मिळेल हे कोणी सांगायचे नाही, असे असेल तर जुना पॅटर्न तसाच वापरात राहतो. कार्बनही तसाच राहतो.

मशिनिंग अलाउन्सचेही तसेच आहे. २०० बाय १५० मिलिमीटरचा एक फेस घ्या. ड्रॉइंगवर ३ ऐवजी ५ मिलिमीटर अलाउन्स असेल तर त्या दोन मिलिमीटरांत ६० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम लोखंड जादा जाते. दहा हजार नगांना ४.३ टन. तेवढे चांगले लोखंड मिळवायला वरच्या हिशेबाने साडेसात टन वितळवावे लागते आणि साडेचार हजारांवर युनिटे जळतात. त्यानंतर टूल, कूलंट आणि मशीनचा वेळ घालवून त्याचाच बुरादा करायचा. हातमोल्डिंगच्या काळात हे अलाउन्स बरोबर होते. आता मशीन मोल्डिंगवर तो भाग निघतो, तरी ड्रॉइंग जुनेच आहे. तुमच्या डिझाइन विभागाने चालू भागांची यादी काढून फक्त हा एक रकाना तपासला तरी कोणत्याही घोषणापत्रापेक्षा जास्त काम होईल.

विजेइतकाच मोठा वाटा कच्च्या मालाचा असतो आणि तो बहुतेक फॉर्ममधून निसटतो. ब्लास्ट फर्नेसचे पिग आयर्न (कच्चे लोखंड) बनताना ढोबळ मानाने टनामागे दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन धातू वितळवताना २०० किलो पिग घातले तर चांगल्या कास्टिंगच्या टनामागे ३५० किलो पिग पडते, म्हणजे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड. भट्टीच्या विजेएवढाच! पिग कमी करून स्टील स्क्रॅप आणि कार्बुरायझर (धातूत कार्बन वाढवणारी पूड) वापरता येतो. मात्र त्यालाही पथ्ये आहेत. कार्बुरायझर कमी सल्फरचा आणि कमी नायट्रोजनचा लागतो, नाहीतर ग्रे आयर्नमध्ये (साध्या बिडात) नायट्रोजनच्या चिरा दिसतात. स्क्रॅपमध्ये मँगनीज जास्त असेल तर एसजी आयर्नमध्ये (गोल ग्राफाइटच्या लवचीक बिडात) पर्लाइट आणि कार्बाइड हे कडक घटक वाढून लवचीकपणा जातो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आला तर भट्टीवर जस्ताचा पांढरा धूर उठतो आणि तो माणसे हुंगतात. स्वच्छ स्क्रॅप महाग पडते. तुमच्याच प्रेस शॉपमधून निघणारे जस्त नसलेले कटिंग गठ्ठे बांधून पुरवठादाराला ठरलेल्या भावाने परत दिलेत तर दोघांचेही भले होईल. व्यापाऱ्यांच्या चार हातांतून फिरून आलेल्या स्क्रॅपची ग्वाही आम्ही देऊ शकत नाही.

फक्त कार्बनच्या आकड्यावर लेबल लावण्यातला धोका इथेच सांगतो. क्युपोलात, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीत, एका टनाला १२५ किलो कोक लागला तर जळताना साधारण ३९० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंडक्शनचा ग्रिडच्या विजेवरचा आकडा ४३६ किलो आहे. म्हणजे नुसता हा रकाना पाहिला तर क्युपोला सरस ठरतो! पण कोळशापासून कोक बनवतानाचे उत्सर्जन या ३९० किलोंत नाही. आणि क्युपोलाच्या धुराड्यातून गंधकाचा वायू आणि धूळ निघते, ती या रकान्यात बसतच नाही. पर्यावरण संरक्षण नियमांत तासाला ३ टनांखालच्या क्युपोलाला घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम धूळ आणि त्याहून मोठ्याला १५० मिलिग्रॅम अशी मर्यादा दिलेली आहे, गंधकाच्या वायूला ३०० मिलिग्रॅमची. ज्याच्याकडे क्युपोला आहे त्याला धुराड्याच्या तपासणीचा अहवाल मागा, कोक-धातूचे प्रमाण मागा, डिव्हायडेड ब्लास्ट (हवा दोन पातळ्यांवरून सोडण्याची रचना) आहे का ते विचारा. कार्बन आणि धूळ यांना एकाच गुणात मिसळू नका.

‘निम्मी वीज सौर असावी’ अशी अटही काही फॉर्ममध्ये आली आहे. दिवसाला ५ टन वितळवणाऱ्या लहान फौंड्रीला नुसत्या भट्टीसाठी ३,००० युनिटे लागतात. एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने त्यातून दिवसाला ४ युनिटे मिळतात. १०,००० चौरस फुटांच्या शेडवर १०० किलोवॅट बसेल, ४०० युनिटे मिळतील, म्हणजे १३ टक्के. बेळगावच्या पावसाळ्यात त्याहूनही कमी. उरलेल्यासाठी बाहेरून सौर किंवा पवनवीज विकत घ्यावी लागते आणि तेवढा वीजभार लहान युनिटकडे एकट्याकडे नसतो. चार-पाच पुरवठादारांना एकत्र बांधून वीजखरेदीचा करार करायला तुम्ही पुढे आलात तर ही अट पुरी होऊ शकेल. एकेकट्याला ती घातली तर फॉर्ममध्ये खोटा आकडा येईल एवढेच.

आता वाळूकडे वळू. फौंड्रीचा सगळ्यात मोठा कचरा वाळूच आहे. साच्याच्या ग्रीन सॅण्डमध्ये (मातीने बांधलेल्या ओलसर वाळूत) ७ ते ९ टक्के बेंटोनाइट माती, ३ ते ५ टक्के कोळशाची पूड आणि ३ ते ४ टक्के ओल असते. एक किलो धातूला पाच किलोच्या आसपास वाळू लागते. ती फिरत राहते, पण धातूलगतच्या थरातले बेंटोनाइट दर फेरीला जळून मरते. कोअरमधून (भागातली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातून) नवी वाळू येत राहते, आणि जेवढी येते तेवढी जुनी बाहेर काढावीच लागते. कमी टाकायची तर मेलेली माती आणि बारीक धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागते आणि वाळूची रोजची तपासणी लागते: ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी, ग्रीन स्ट्रेंग्थ, परमिएबिलिटी. पावसाळ्यात उघड्यावरची नवी वाळू ओली येते. ती न वाळवता मिसळली की ओलीचा अंदाज चुकतो, ब्लोहोल येतात आणि रिजेक्शन वाढते. वाळूसाठी पक्के छप्पर ही पर्यावरणाचीच गुंतवणूक आहे, पण ती कुठल्याच फॉर्ममध्ये दिसत नाही.

नोबेकची, म्हणजे रेझिन घालून न भाजता घट्ट होणाऱ्या वाळूची, गोष्ट आणखी नाजूक. फुरान रेझिन वाळूच्या सुमारे १ टक्का आणि त्याचे ॲसिड कॅटॅलिस्ट रेझिनच्या ३० ते ५० टक्के लागते. हे कॅटॅलिस्ट गंधकाचे असल्यामुळे ओतताना उग्र वास सुटतो. मेकॅनिकल रिक्लेमेशनने, म्हणजे जुनी वाळू घासून साफ करून, ८० ते ९० टक्के वाळू पुन्हा वापरता येते, मात्र तिच्यात जळाऊ अंश आणि गंधक साचत जातो. जळाऊ अंश ३ टक्क्यांपलीकडे गेला की वायूचे दोष सुरू होतात. एसजी आयर्नमध्ये गंधकामुळे पृष्ठभागालगतचे ग्राफाइट गोल राहत नाही. ही चाचणी सोपी आहे: वाळवलेल्या वाळूचा वजन केलेला नमुना भट्टीत ९०० अंशांवर जाळायचा आणि पुन्हा वजन करायचे. तुम्ही ‘८० टक्के रिक्लेम वाळू’ अशी अट घालता आणि त्याच भागावर पिनहोल एकही नको असेही लिहिता. दोन्ही जमते. पण त्यासाठी वाळू ६५० अंशांच्या वर भाजणारा थर्मल रिक्लेमर लागतो आणि तो एका लहान युनिटला परवडत नाही. समाईक केंद्र काढून तिथे वाळू भाजून घेणे हाच रस्ता आहे. त्या केंद्राला माल मिळेल याची हमी तुमच्या तीन वर्षांच्या ऑर्डरीच देऊ शकतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, कोपऱ्यात ग्राइंडर मारणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात सिलिकाची बारीक धूळ बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. किती झाडे लावली हे फॉर्म विचारतो. फेटलिंगला धूळ खाली ओढणारे डाउनड्राफ्ट टेबल आहे का, शेकआउटवर (साचा फोडण्याच्या जागी) हूड आहे का, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे होतो का, हे बहुतेक फॉर्म विचारत नाहीत. हे तीन प्रश्न पहिल्या पानावर घ्या. रेझिन, अमाइन आणि आयसोसायनेटच्या सुरक्षा-पत्रकांचीही तीच तऱ्हा. ती इंग्रजीत येऊन फाइलमध्ये राहतात आणि मिक्सरवर उभा असलेला माणूस मराठी, कन्नड किंवा हिंदी वाचतो. रसायन पुरवणाऱ्याकडून या तिन्ही भाषांत एका पानाचे पत्रक घेण्याची अट तुम्ही घातलीत तर ती पाळली जाईल, कारण ते पुरवठादारही तुमचीच ऑर्डर बघतात.

बंदी घातलेल्या आणि चिंताजनक पदार्थांच्या घोषणापत्रात तर सरळ सरळ चुका होत आहेत. युरोपच्या रसायनांविषयीच्या रीच कायद्यातल्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत शिसे जून २०१८ पासून आहे. एखाद्या वस्तूत ते वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर ग्राहकाला कळवावे लागते. ऑटो लेथवर चालणाऱ्या लेडेड ईएन-१ए पोलादाच्या सळीत ०.१५ ते ०.३५ टक्के शिसे असते, फ्री-कटिंग पितळेत २ ते साडेतीन टक्के. म्हणजे या सळीपासून केलेला प्रत्येक स्पूल, प्लग आणि फिटिंग त्या मर्यादेच्या वर आहे. तरी घोषणापत्रात ‘नाही’ वर टिक होते, कारण ‘आहे’ लिहिले तर ऑर्डर जाईल ही भीती असते. प्रत्यक्षात त्या यादीत नाव असणे म्हणजे बंदी असणे नव्हे, मर्यादेच्या वर असेल तर ते कळवणे हे कर्तव्य आहे. हे तुमच्या खरेदी विभागाने लेखी सांगावे. आणि शिसे नकोच असेल तर ड्रॉइंगवरचा मटेरियल ग्रेड बदलावा. बिनशिशाच्या सळीवर चिप लांब निघते, टूल लवकर झिजते, सायकल टाइम वाढतो. तो वाढलेला वेळ दरात धरावा लागेल.

प्लेटिंगमध्ये तर फॉर्म एक म्हणतो आणि ड्रॉइंग दुसरेच. ड्रॉइंगवर लिहिलेले असते ‘यलो झिंक, ८ मायक्रॉन’. पारंपरिक पिवळे पॅसिव्हेशन (जस्तावरचा गंजरोधक थर) हेक्साव्हॅलंट (सहासंयुजी) क्रोमियमचे, आणि तुमचा फॉर्म म्हणतो की हेक्साव्हॅलंट नको. ट्रायव्हॅलंटवर (त्रिसंयुजी क्रोमियमवर) गेले की रंग फिका, इंद्रधनुषी झाक असलेला येतो. मग तुमच्या गेटवरचा इन्स्पेक्टर ‘रंग बरोबर नाही’ म्हणून माल परत करतो. नाइलाजाने प्लेटर पुन्हा जुन्या टाकीकडे वळतो. त्याऐवजी ड्रॉइंगवर ‘ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, सीलरसह, सॉल्ट स्प्रे अमुक तास, रंगावरून रिजेक्शन नाही’ एवढी ओळ हवी. ट्रायव्हॅलंटच्या टाकीत पीएच २ च्या आसपास सांभाळावा लागतो आणि लोखंड-जस्त साचू द्यायचे नसते. साचले की सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या फवाऱ्याच्या गंजचाचणीत, पांढरा गंज लवकर फुटतो. टाकीची रोजची नोंदवही मागा, ती खोटी लिहिणे अवघड असते.

प्रायमरबाबत एवढेच: भारतात रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. यंत्रांवरच्या पिवळ्या-नारिंगी औद्योगिक रंगात लेड क्रोमेट असू शकते. ‘बाजारात मिळतो म्हणजे चालतो’ हे इथे खरे नाही. रंगाचा ब्रँड आणि कोड तुम्हीच ठरवून देता, तेव्हा त्याचे प्रमाणपत्रही रंगकंपनीकडून तुम्हीच घ्या.

आम्ही सीमेवर आहोत आणि त्याचा या कागदपत्रांशी थेट संबंध आहे. पॅटर्न कोल्हापुरात, ओतकाम बेळगावात, मशिनिंग पुन्हा शिरोली किंवा कागलला, असा एकच भाग दोन राज्यांत फिरतो. दोन राज्ये म्हणजे दोन प्रदूषण नियंत्रण मंडळे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल किंवा प्लेटिंगचा गाळ अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर दोन्ही मंडळांचे ना-हरकत पत्र लागते. पुनर्वापरासाठी पाठवायचा असेल तर गाडी भरण्याआधी दोन्हींना कळवावे लागते. असा कचरा आवारात साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ‘कचरा अधिकृत संस्थेलाच द्या’ असे लिहिताना निपाणीपलीकडची संस्था आणि हुबळीकडची संस्था यांत कागदांचा हा फरक आहे हे ध्यानात घ्या. आणि कचऱ्यासाठी नवा फॉर्म काढू नका. दर वर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला जाणारा फॉर्म ४ आणि ३० सप्टेंबरपर्यंत जाणारे फॉर्म ५ चे पर्यावरण विवरण, या दोन्हींच्या पोचपावतीसह प्रती मागा. त्यात पाणी, कच्चा माल आणि कचरा यांचे आकडे असतात आणि ते सरकारी दप्तरी दाखल झालेले असल्यामुळे माणूस जपून लिहितो.

लेबलविषयी आमची विनंती स्पष्ट आहे. पंपावरचा बीईईचा (ऊर्जा दक्षता ब्युरोचा) तारा पंप चालताना किती वीज खातो ते सांगतो, तो बनताना काय झाले ते सांगत नाही. इकोमार्क ही १९९१ पासूनची सरकारी खूण आहे, तिचे चिन्ह मातीचे मडके होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. ती वर्गवार निकषांवर तपासणी करून मिळते. आयएसओ १४०२१ प्रमाणे कंपनीने स्वतः केलेला दावा ही तिसरीच गोष्ट. खोक्यावर छापलेले हिरवे पान बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारचे असते, आणि त्याच्या मुळाशी आमचे न तपासलेले घोषणापत्र असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ अशा शब्दांना पडताळता येणारा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा मागितला गेला तर तुमचे बोट आमच्या सहीकडे वळेल. म्हणून आजच सांगून ठेवतो: मोजमापाच्या नोंदी नसलेली सही हा पुरावा धरू नका. ‘या पंपाच्या केसिंगमध्ये इतके टक्के स्क्रॅप, इतके युनिट प्रति किलो’ असे एका भागापुरते, वर्षासह लिहा. लहान वाटेल, पण खरे असेल.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या पर्यावरण-अहवालाच्या चौकटीचे कारण पुढे करून सगळ्यांनाच तोच भलामोठा फॉर्म पाठवला जातो. मूल्यसाखळीची, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांची, ती माहिती बड्या २५० सूचिबद्ध कंपन्यांपुरती आहे, मार्च २०२५ च्या परिपत्रकानुसार २०२५-२६ पासून ऐच्छिक ठेवलेली आहे, आणि तीही खरेदी-विक्रीत ज्यांचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे अशा भागीदारांची. आमच्यातले बहुतेक त्या २ टक्क्यांच्या खूप खाली आहेत. म्हणून आमच्याकडून काहीच मागू नका असे नाही. चाळीस पानांऐवजी एक पान मागा: भट्टीचे युनिट प्रति टन, यील्ड, रिजेक्शन, पिगचे प्रमाण, टाकलेली वाळू प्रति टन, वर सांगितलेले धुळीचे तीन प्रश्न आणि मंडळाच्या दोन फॉर्मच्या प्रती. ज्यांच्याकडे आयएसओ १४००१ किंवा केंद्राच्या झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजनेचे प्रमाणपत्र आहे त्यांच्याकडे वेगळे ऑडिट पाठवू नका. एका युनिटला पाच ग्राहकांची पाच ऑडिटे झाली की पाच दिवस भट्टीवरचा सुपरवायझर फाइली दाखवण्यात जातो.

आणि दराबद्दल. भट्टीचा मीटर, वाळूची चाचणी, हूड आणि बॅग फिल्टर, ट्रायव्हॅलंटची टाकी यांचा खर्च किलोमागच्या दरात ‘पर्यावरण’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवण्याची मुभा द्या. दरवर्षीच्या ठरावीक दरकपातीतून ती ओळ वगळा. बिले सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यातल्या ४५ दिवसांच्या आत द्या. बॅग फिल्टरच्या पिशव्या वेळेवर बदलायला रोकड लागते, आणि पैसे अडकले की सगळ्यांत आधी पिशव्यांचाच खर्च पुढे ढकलला जातो.

सुरुवात लहान करू. प्रत्येक कंपनीने आपल्या चालू भागांतले तीन भाग निवडावेत: एक ग्रे आयर्न, एक एसजी आयर्न, एक प्लेटिंगचा. त्यांचा तीन महिन्यांचा हीटवार हिशेब आम्ही द्यायला तयार आहोत. त्या बदल्यात तुमच्या डिझाइन आणि खरेदी विभागाचा एकेक माणूस ड्रॉइंग घेऊन ओतण्याच्या दिवशी इथे यावा आणि अलाउन्स, गेटिंग, मटेरियल ग्रेड, प्लेटिंगची ओळ, या चार गोष्टींवर तिथल्या तिथे शेरा मारावा. गेटिंग किंवा अलाउन्स बदलले तर नमुन्यांच्या मंजुरीला किती दिवस लागतील, तेही त्याच कागदावर लिहून द्यावे.

कळावे,

आपले,
उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती आणि ऑटोनगर, बेळगाव येथील ओतकाम, मशिनिंग व प्लेटिंग करणारे काही लहान पुरवठादार